नागपूरचा समुद्र

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. आणि आज सांगतोय ते मन हलकं व्हावं म्हणून नाही — माझं मन हलकं झालं तर तो आणखी एक अन्याय होईल. सांगतोय, कारण मला राग आलाय. असा, की जेवायला बसलो तर घास उतरत नाही. राग कुणाचा? थांबा. येतो तिथवर. मला सरळ येता येत नाहीये, एवढं समजून घ्या.

आमचं एक मंडळ आहे. दगड हुडकत फिरणाऱ्या हौशी लोकांचं. कुणी डॉक्टर, कुणी बँकेतून निवृत्त, मी विमा कंपनीतला. रविवारी सकाळी तर्री-पोहे खायचे, गाड्या काढायच्या आणि काटोल रोडच्या पुढे कुठे विहीर खोदली जातेय, कुठे रस्त्यासाठी टेकडी कापलीय, तिथे जाऊन मातीत बसायचं. आमच्याकडचा दगड काळा, लाव्ह्याचा. पण लाव्ह्याच्या दोन थरांमध्ये कुठेकुठे जुन्या तळ्यांचा चिखल दबून दगड झालाय, आणि त्यात गोगलगायी सापडतात. बोराच्या बीएवढ्या. सुरेख असतात. पण गोड्या पाण्यातल्या. समुद्राचं इथे काही नाही.

आणि आम्हा सगळ्यांना हवा असायचा तो समुद्रातलाच — अमोनाइट. मेंढ्याच्या शिंगासारखा गुंडाळलेला शंख. लोक देवघरात शाळिग्राम ठेवतात ना, त्यातलं चक्र म्हणजे हाच प्राणी. तो हवा तर कच्छला जा. नागपुरात बसून त्याची नुसती चित्रं बघायची.

मधुकर गजभिये माझ्यासोबत असायचा. खरं म्हणजे मी त्याच्यासोबत असायचो. स्कूटर त्याची, मी मागे. तो शाळेत गणित शिकवायचा, राहायला जरीपटक्याला. मी सक्करदऱ्याचा. इतक्या लांबून तो मला घ्यायला यायचा आणि कधी कुरकुरला नाही. त्याची नजर! मी ज्या ढेकळावर पाय देऊन पुढे जायचो, त्याच ढेकळातून तो गोगलगाय काढायचा. आणि काढली की निम्म्या वेळा माझ्याच हातावर ठेवायचा. "घे नं यार, माह्याकडे अशा झाल्या आता."

मी घ्यायचो. हसून घ्यायचो. आणि घरी आल्यावर त्या गोगलगायी खणात टाकताना मला त्याचा राग यायचा. हे कधी कुणाला कळलं नाही. तुम्हाला आधी हे कळायला हवं, कारण पुढे मी जे सांगणार आहे त्याला लोक 'गंमत' म्हणतील. मीसुद्धा कित्येक वर्षं तोच शब्द वापरला, मनातल्या मनात. गंमत! काय सोयीचा शब्द आहे.

मधुकरला कच्छला जायचं होतं. दर वर्षी ठरायचं आणि दर वर्षी मोडायचं. एकदा वडिलांना लकवा मारला, एकदा बोर्डाचे पेपर आले. कुणीतरी म्हणालं, अहो सर, आम्ही जाऊ तेव्हा एक आणून देऊ. तर म्हणाला, "नाही गा, कोणी देल्लेला नको. मले माह्या हातानं उचलाचा आहे."

कोविडच्या आधीच्या एका हिवाळ्यात मी कच्छला गेलो. बायकोमुलांना रण दाखवायला गेलो, आणि एक दिवस त्यांना हॉटेलात ठेवून मी एका ओढ्याच्या काठाने फिरलो. अमोनाइट मिळाले. मोठे फुटके होते, पण एक लहान, लिंबाएवढा, अगदी अख्खा होता. तो मी मधुकरसाठी वेगळा ठेवला. हे खरं आहे. ठेवताना मनात माया होती — निदान मला तसं वाटलं होतं.

मग मी त्याला तो दिला का नाही?

परतल्यानंतरच्या पहिल्याच रविवारी आम्ही दोघंच निघालो. थंडी होती म्हणून बाकीचे आले नाहीत. एका गावाबाहेर नवीन विहीर खोदली होती, काठावर मातीचा आणि दगडांचा ढीग. मधुकर विहिरीच्या मालकाशी बोलायला शेतातल्या झोपडीकडे गेला — विचारल्याशिवाय तो कुणाच्या ढिगाला हात लावत नसे. मी ढिगाजवळ एकटा. अमोनाइट जॅकेटच्या खिशात.

मी खाली वाकलो, एका फुटक्या दगडाखालची ओली माती बोटांनी उकरली आणि तो तिथे ठेवला. वरून चिमूटभर माती टाकली. मग ढिगाला वळसा घालून पलीकडच्या बाजूला जाऊन बसलो.

झालं. सांगितलं. पण एवढंच असतं ना, तर हा कागद मी काळा केला नसता.

त्याला सापडायला फार वेळ लागला नाही. त्याची नजर ती! आधी आवाजच आला नाही. मी डोकावलो तर तो गुडघ्यांवर बसलेला, तळहात पुढे धरलेला. मग ओरडला, "अविनाश! इकडे ये गा! पाह्य, पाह्य हे काय आहे!" मी धावत गेल्याचं नाटक केलं. मला वाटलं होतं, थोडा वेळ मजा बघू आणि सांगून टाकू. पण तो रडत होता. चाळिशी ओलांडलेला माणूस, हातात चिखलाने माखलेला शंख घेऊन रडत होता. "समुद्र होता यार इथं. आपण समुद्राच्या तळाशी राहून राहिलो इतके वर्षं."

तेव्हा सांगायचं होतं. त्याच क्षणी. चहाच्या टपरीवर सांगू, असं मनाशी म्हणालो. टपरी आली. चहा यायच्या आत त्याने मुलीला फोन लावला होता आणि चहा संपायच्या आत मंडळाच्या अध्यक्षांना. दोन दिवसांनी पेपरमध्ये फोटो. फोटोत मीही आहे, त्याच्या खांद्यावर हात ठेवून. बातमीदाराने विचारलं, तुम्ही तिथे होतात? मी म्हणालो, हो, तिथेच होतो. शाळेत मुलांनी फळ्यावर लाटा काढल्या आणि खाली लिहिलं, गजभिये सरांचा समुद्र. त्याची मुलगी प्रज्ञा तेव्हा दहावीला होती. पुढे भूगर्भशास्त्रच घेणार म्हणून नाचत होती.

पुढे काय होणार ते तुम्हाला दिसतंच आहे. मला नव्हतं दिसत? दिसत होतं. रोज दिसत होतं.

बाहेरगावाहून एक तज्ज्ञ बाई आल्या. भली बाई. त्यांनी शंखाच्या कडेचा कण काढला, आत भरलेला दगड भिंगाखाली पाहिला आणि शांतपणे म्हणाल्या, हा सोनेरी कणांचा चुनखडक आहे, कच्छचा. हा शंख इथला नाही. कुणीतरी आणलाय. कुणी, ते सांगणं त्यांचं काम नव्हतं. त्या परतीच्या गाडीने निघून गेल्या.

आणि मग मंडळाची सभा. तिथे जे झालं त्याने आजही माझं रक्त तापतं. एकाही माणसाने — त्यात वकील होते, डॉक्टर होते — एकानेही साधा प्रश्न विचारला नाही, की बाबा रे, त्या हिवाळ्यात कच्छला कोण गेलं होतं? मी गेलो होतो! मंडळाच्या ग्रुपवर मी रणाचे फोटो टाकले होते, त्यांनीच खाली लाइकचे अंगठे टाकले होते. तरी माझ्याकडे कुणी बघेना. का? मी काय मोठा सज्जन? मी देशकर, माझे वडील कॉलेजात शिकवायचे, मंडळाच्या पहिल्या सभा आमच्याच गच्चीवर व्हायच्या. आणि तो गजभिये. मागून कुणीतरी हळूच म्हणालं, या लोकांना चमकायची फार घाई असते. या लोकांना! म्हणजे कोणत्या लोकांना? ऐकणाऱ्या प्रत्येकाला कळलं कोणत्या. कुणी मान वळवून बघितलंसुद्धा नाही.

मधुकर उभा राहिला. घरी धुतलेला, इस्त्री केलेला पांढरा शर्ट. तो एवढंच म्हणाला, "मले तिथं सापडला. मी उचलला. त्याच्याआधीचं मले माहीत नाही."

अध्यक्ष माझ्याकडे वळले. "देशकर, तुम्ही सोबत होते. यांनी काही ठेवलं काय तिथं? तुम्ही पाहिलं?"

आता ऐका. हे आहे ते. शंख पुरणं नाही — हे. मी म्हणालो, "मी त्या वेळी ढिगाच्या पलीकडच्या बाजूला होतो."

वाक्य खरं होतं. अक्षरशः खरं. आयुष्यात याहून घाण खोटं मी बोललो नाही. कारण त्या वाक्यानंतर सगळ्यांनी मधुकरकडे पाहिलं, आणि एक जण माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाला, तुम्हालाही फसवलं हो त्यानं. मी मान हलवली. होकारार्थी. मला ती हालचाल आठवते. कुणी जबरदस्ती केली नव्हती, मानेवर.

त्याला मंडळातून काढलं. जिन्यात तो माझ्यासाठी थांबला होता. "तुहा चेहरा काहून असा उतरला? माह्यावर विश्वास आहे नं तुले?" आहे म्हणालो. "मंग झालं," म्हणाला, आणि मला सक्करदऱ्याला सोडायला निघाला. त्या दिवशीसुद्धा. आणि मी बसलो त्याच्या मागे.

फळ्यावरच्या लाटा आता चिडवण्यासाठी निघायला लागल्या. मुलं त्याला समुद्र सर म्हणायला लागली, वर्गात शिरला की मागच्या बाकांवरून पाण्याचा आवाज काढायची. त्याने दगड हुडकणं सोडलं. पुन्हा कधी रविवारी बाहेर पडला नाही. प्रज्ञाने कॉमर्स घेतलं. एकदा मी विचारलं तर म्हणाली, "काका, घरात दगडाचं नावच काढत नाही आम्ही आता." त्याचा सगळा संग्रह त्याने मला दिला. टाकून देववत नाही, तू सांभाळ, म्हणाला. शाळांची मुलं माझ्याकडे बघायला येतात. मी त्यांना त्याच्या गोगलगायी दाखवतो.

कित्येकदा मी ठरवलं, सांगायचं. मग माझ्या मुलीचं लग्न आलं, मग कोविड आला, मग वाटलं आता कशाला उकरायचं. लोक विसरलेत. कोण विसरलंय? तो विसरला असेल? तुम्हीच सांगा — नाही, नका सांगू.

गेल्या महिन्यात मंडळाचं प्रदर्शन होतं. उद्घाटनाला एक नवा पोरगेला सदस्य माईकवर आला आणि त्याने गोष्ट रंगवून सांगितली. एक मास्तर कसा शंख घेऊन नाचला, नागपूरला समुद्र कसा आणला. नावासकट. हॉल हसला. बायका हसल्या, शाळेची पोरं हसली. आणि मी उठलो. मला स्वतःला कळलं नाही मी कधी उठलो. ओरडलो, "कोणाला हसून राहिले तुम्ही? लाज नाही वाटत?" हॉल गप्प झाला.

त्या गप्प झालेल्या हॉलमध्ये पुढचं वाक्य बोलायचं होतं. तोंडात होतं. मी खाली बसलो.

आणि कार्यक्रम संपल्यावर लोक माझ्याभोवती जमले. दोस्ती असावी तर अशी, म्हणाले. एका म्हाताऱ्याचे डोळे भरून आले. माझ्या दोस्तीचं कौतुक! मी तिथे उभा राहून ते ऐकून घेतलं. राग कुणाचा, विचारलं होतं ना मी वर? हसणाऱ्यांचा आहे. त्या 'या लोकांना'चा तर आहेच. पण ते सगळे मिळून जितके कोडगे, त्याहून कोडगा माणूस त्या हॉलमध्ये एकच होता, आणि त्याच्या हातात लोकांनी गुच्छ दिला.

परवा मी जरीपटक्याला गेलो. बाजारातून चालत गेलो, काय बोलायचं ते घोकत. मधुकरने दार उघडलं आणि मी तोंड उघडायच्या आत मला मिठीच मारली. त्याला कुणीतरी सांगितलं होतं. "तू माह्यासाठी भांडला म्हणे यार भर सभेत. इतक्या वर्षांत कोणी एक शब्द नाही बोललं, तूच बोलला." प्रज्ञा आता नोकरी करते. ती आतून आली आणि वाकून माझ्या पाया पडली. वहिनींनी चहा ठेवला, आलं घालून. मधुकर खूप दिवसांनी बोलत होता. विहिरीवरच्या मजुरांपैकी कुणीतरी गंमत केली असेल, असं त्याला वाटतं. "त्याले बिचाऱ्याले काय मालूम, पुढे काय होईल ते," म्हणाला.

मी चहा प्यायलो. चांगला झालाय म्हणालो. आणि परत आलो.

म्हणून हे लिहिलंय. मंडळात वाचायला देणार आहे, आणि त्याआधी मधुकरच्या घरी. तो वाचेल तेव्हा मी समोर नसेन. समोर उभं राहून सांगायची हिंमत परवा नव्हती, आजही नाही. तेही इथे लिहून ठेवतो.

त्या विहिरीच्या ढिगात तो अमोनाइट मी पुरला होता. मी, अविनाश देशकर. मधुकर गजभिये याने कुणालाही फसवलं नाही. त्याला मी फसवलं — विहिरीवर, मग भर सभेत, आणि परवा, त्याच्याच घरी, चहाचा कप हातात धरून.