डाव्या बाजूने येणारा चेंडू

२००५ साली मी ॲमस्टरडॅमजवळच्या डीमनमध्ये एकटाच राहत होतो. बायको बाळंतपणासाठी पुण्याला गेली होती. शनिवारी ऑफिसातले आम्ही काहीजण फुटबॉल खेळायचो, आणि धावायचा कंटाळा म्हणून मी गोलमध्ये उभा राहायचो. अशाच एका शनिवारी अगदी जवळून मारलेला चेंडू माझ्या डाव्या डोळ्यावर बसला. थोडा वेळ बर्फ लावला आणि पुन्हा जाऊन उभा राहिलो.

रविवारी सकाळी त्या डोळ्यासमोर काळे ठिपके तरंगायला लागले. मान वळवली की कोपऱ्यात वीज चमकल्यासारखं व्हायचं. दुपारी नाकाच्या बाजूने एक करडी सावली आत सरकली. मी कोणालाच सांगितलं नाही. सोमवारी टीममधल्या तिघांना गाडीने आइंडहोवनला क्लायंटकडे न्यायचं होतं आणि गाडी चालवणारा मी एकटाच. इथे राहायचं परमिट या नोकरीवर, नोकरी त्या प्रोजेक्टवर. एवढं पार पडलं की बघू, असं मी ठरवून टाकलं होतं.

खालच्या मजल्यावर पंचाहत्तरीच्या एक बाई राहायच्या. जन्माने स्कॉटिश, लहानपणी आईवडिलांबरोबर हॉलंडला आलेल्या. रविवारी तीन वाजता त्या मला कॉफीला बोलवायच्या आणि आमचं बोलणं इंग्रजीत चालायचं. त्या दिवशीही गेलो. कपाचा कान धरायला हात पुढे केला तर तो कपावरच आदळला. टेबलक्लॉथभर कॉफी झाली.

त्यांनी फडकं आणलं नाही. माझ्याकडे बघत राहिल्या.

“कधीपासून?”

“काय कधीपासून?”

“डोळा.”

मी म्हटलं, झोप झाली नाही. त्या म्हणाल्या, “माझे वडीलही हेच सांगायचे.”

त्यांचे वडील गोलकीपर होते हे मला माहीत होतं. भिंतीवर जाड लोकरी जर्सीतला त्यांचा फोटो होता. बाकीचं त्या दिवशी कळलं. चौदाव्या वर्षी ते कोळशाच्या खाणीत उतरले. खाणीच्या संघात खेळताना जवळच्या गावच्या क्लबने त्यांना उचललं. पहिलं महायुद्ध संपून दहा-बारा वर्षं झाली होती. तेव्हा गोलकीपरला खांद्याने ढकलून चेंडूसकट जाळ्यात घातलं तरी चालायचं, आणि पावसात भिजलेला चामड्याचा चेंडू दगडासारखा लागायचा. तरी सात हंगाम ते टिकले. देशाच्या संघासाठी निवड समितीची माणसं त्यांना बघायला येणार, अशी बोलवा उठली. त्याच सुमारास एका फॉरवर्डचा गुडघा त्यांच्या कपाळाला बसला, आणि काही आठवड्यांत डाव्या डोळ्याने दिसेनासं झालं.

“घरात फक्त आईला सांगितलं,” बाई म्हणाल्या. “मी सात वर्षांची, दाराआडून ऐकलं. दुसऱ्या शनिवारपासून आई मला घेऊन गोलच्या मागे उभी राहायला लागली. डावीकडून कोणी आलं की ओरडायची, ‘डावीकडे!’ आजूबाजूचे पुरुष हसायचे. म्हणायचे, बायको नवऱ्याला खेळ शिकवतेय.”

दोन महिने असं निभावलं. एकही गोल त्या बाजूने झाला नाही.

मी ऐकत होतो आणि अधूनमधून उजवा डोळा मिटून बघत होतो. सावली मघापेक्षा आत आली होती. त्यांच्या चेहऱ्याचा एक गाल त्यात गेला होता.

“निवड समिती आली त्या दिवशी गर्दी फार होती,” त्या सांगत होत्या. “समोरच्या संघात एकोणीस वर्षांचा एक मुलगा होता, फार वेगवान. तो डावीकडून आत शिरला. आई ओरडली. मला तिच्या शेजारी उभं राहून ऐकू आलं नाही, मग वडिलांना काय येणार? त्यांना चेंडू दिसला तेव्हा फार उशीर झाला होता. त्यांनी झेप घेतली ती त्याच्या पायावर. हाड मोडल्याचं मात्र ऐकू आलं.”

रेफ्रीने फाउलसुद्धा दिला नाही. सगळे अपघात म्हणाले. मॅच संपल्यावर क्लबचा मॅनेजर शाबासकी द्यायला आला, तेव्हा वडिलांनी उजवा डोळा हाताने झाकला आणि म्हणाले, “आता तुम्ही मला दिसत नाही.” एकोणतिसाव्या वर्षी खेळ संपला. पुढे एका डच क्लबला ब्रिटिश ट्रेनर हवा होता, म्हणून ते इथे आले. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी ब्रिटिश म्हणून छावणीत टाकलं, तिथून हाडांचा सापळा होऊन परतले आणि म्हातारे होईपर्यंत गोलकीपर शिकवत राहिले. नवा कोणी आला की आधी त्याचे डोळे एकेक झाकून तपासायचे.

“तो मुलगा?” मी विचारलं.

“लंगडत राहिला. वडील दर नव्या वर्षाला त्याला पत्र लिहायचे. उत्तर कधीच आलं नाही.” मग म्हणाल्या, “उद्या गाडीत किती जण आहेत?”

आइंडहोवनचं मीच मागच्या रविवारी त्यांना सांगितलं होतं.

“तिघं.”

त्यांनी फोन माझ्यापुढे सरकवला. रविवारच्या ड्युटीवरच्या डॉक्टरचा नंबर लावला, तर पलीकडची मुलगी म्हणाली, पॅरासिटामॉल घ्या, उद्या हाउसआर्ट्सला, म्हणजे आपल्या नेहमीच्या डॉक्टरला भेटा. बाईंनी फोन काढून घेतला आणि डचमध्ये, आवाज न चढवता, बराच वेळ बोलल्या. तासाभरात आम्ही दोघं टॅक्सीतून ॲमस्टरडॅमच्या हॉस्पिटलात पोचलो. डोळ्याच्या आतला पडदा सुटत चालला होता. डॉक्टर म्हणाले, मध्यभाग अजून शाबूत आहे, पण किती वेळ राहील सांगता येत नाही.

कॉरिडॉरमधून ऑफिसातल्या मॅनेजरला फोन केला. तो म्हणाला, “त्या तिघांना ट्रेनने पाठवतो. तू तुझं बघ.” एवढंच. नोकरी जाण्याच्या ज्या वाक्याला मी दिवसभर घाबरत होतो, ते तो बोललाच नाही.

सोमवारी ऑपरेशन झालं. पडदा जागेवर दाबून धरायला डोळ्यात गॅस भरला होता, त्यामुळे कित्येक आठवडे विमानप्रवास बंद आणि दिवसभर मान खाली घालून बसायचं. बाळंतपणासाठी काढलेलं पुण्याचं तिकीट रद्द केलं. मुलगी झाल्याचं मला फोनवर कळलं, तेही जमिनीकडे बघत. बायको पहिल्यांदा आनंदाने रडली आणि मी डोळ्याचं सांगितल्यावर रागाने. “शनिवारी मला का नाही सांगितलंस?” ती विचारत राहिली. खालच्या बाई टेबलापाशी सूप वाढत होत्या. त्यांना मराठी कळत नव्हतं, पण त्या वाढायच्या थांबल्या होत्या.