दोन्ही अंपायर त्यांचेच

पिंपरीच्या आमच्या कारखान्यात त्या वेळी ऑफिसात बाई म्हणून मी एकटीच. टायपिंग माझं, आणि रविवारी कंपन्यांच्या क्रिकेट मॅच व्हायच्या तिथला स्कोअर लिहिणंही माझ्याच गळ्यात. मालक शेजारी खुर्ची टाकून बसायचे आणि प्रत्येक चेंडूवर बोलायचे. त्या रविवारांच्या आठवणीने अजून हुरहूर लागते. रिवाज असा की दोन्ही कंपन्यांनी एकेक अंपायर द्यायचा.

सत्तरच्या दशकात इंग्लंडच्या एका कंपनीने आमच्याकडून पंपाचे भाग घ्यायचं ठरवलं. ऑर्डर मिळाली तर दुसरी शिफ्ट सुरू होणार, म्हणून हंगामी कामगार आस लावून होते. करार मी मालकांना मराठीत वाचून दाखवला. वाद झालाच तर सुनावणी त्यांच्या शहरात, आणि लवाद नेमणार तेच.

मालक चिंचवडच्या जुन्या घरातले. म्हणाले, "म्हंजे दोन्ही अंपायर त्यांचेच व्हय?"

करार घेऊन आलेला गोरा साहेब म्हणाला, "आमचे लवाद निःपक्षपाती असतात."

मालकांनी त्याला रविवारी समोरच्या टीमकडून खेळायला बोलावलं. त्या दिवसापुरते दोन्ही अंपायर आमचे. त्यातल्या एकाला, आमच्या लेथवरच्या म्हाताऱ्या टर्नरला, त्यांनी बजावलं होतं, साहेबाविरुद्ध पहिलं अपील झालं की बोट वर करायचं. अन्याय काय असतो ते त्याला कळू दे.

चेंडू साहेबाच्या पॅडवर आदळला, आमची पोरं ओरडली. टर्नरने जरा विचार केला आणि मान हलवली. नॉट आउट.

"मालक, चेंडू लेगला चालला होता. काय करू?" चहाच्या वेळी तो म्हणाला. मालकांनी कपाळावर हात मारला.

साहेब खूश. "बघा, तुमचा माणूस न्यायी निघाला. आमचेही तसेच असतात."

मालक मला म्हणाले, "अपील झालं तवा त्याच्या पोटात गोळा आला का न्हाई, तेवढं विचार."

मी विचारलं. साहेब हसला, आला म्हणाला.

"मग त्यो माझ्या पोटात कायमचा कशाला?"

साहेबाने कलम बदलण्याची शिफारस अगदी मनापासून केली. पण त्याच्या हेड ऑफिसने कळवलं, करारातला एक शब्दही बदलणार नाही. मालकांनी दुसऱ्या शिफ्टसाठी सही केली. त्या हेड ऑफिसचा मला अजून राग येतो.

वाद कधी झालाच नाही. पण पेट्यांना खिळे ठोकण्याआधी मालक स्वतः प्रत्येक भाग हातात घेऊन बघायचे, पुन्हा बघायचे, रविवारीसुद्धा. इंग्लंडहून मालाची तारीफ यायची, कामगार खूश व्हायचे. मैदानावर दोन कंपन्यांचे दोन अंपायर उभे असायचे, मी स्कोअर लिहायचे, आणि शेजारची खुर्ची रिकामी असायची.