वाफेच्या गेजला पितळी कडं

"सत्तरला उडणारा वाल्व पंचावन्नला कसा उडतो रे?" दामोदरशेट धक्क्यावरून ओरडले.

मी लाँचमध्ये बॉयलरपाशी उकिडवा बसलेलो. डोक्यावर सेफ्टी वाल्वमधून वाफ फुसफुसत होती. समोर दोन गेजं आणि त्यांच्याभोवती आदल्या दिवशी माझ्याच हातानं बसवलेली पितळी कडी. मागे लाँचवरच्याच कापडी छताखाली शेटांच्या मुलाचं वऱ्हाड. लग्न कल्याणला होतं. ठाण्याहून आगगाडीनं तासाभरात पोचता आलं असतं, पण शेटांना खाडीनं, स्वतःच्या लाँचमधून, वाजतगाजत जायचं होतं. भरती लागलेली. तिच्याबरोबर निघालं तरच लाँच झटक्यात वर चढणार होती.

शेट मीठ आणि इमारती लाकडाचे व्यापारी. लाँच त्यांनी मुंबईच्या एका साहेबाकडून जुनी विकत घेतलेली. रोजचं तिचं काम मिठाचे मचवे ओढायचं. माझं नौपाड्यात छोटं वर्कशॉप होतं, तिची डागडुजी माझ्याकडे. लग्न ठरलं तसे शेट माझ्याकडे आले. कुठल्याशा साहेबाच्या लाँचवर त्यांनी गेजांभोवती रुंद, चकचकीत कडी पाहिली होती. "आपल्याला तशीच हवीत. व्याही बघतील." मी माप दिलं आणि गोविंद तांबटानं कडी घडवली. काठाला बारीक वेलबुट्टी, आतल्या बाजूला काचेवर टेकणारा सुबक ओठ. इतकं नीट काम मी क्वचितच पाहिलं होतं. कड्याचा उपयोग म्हणाल तर एकच, काच जागेवर धरून ठेवायची. बाकी सगळी शोभा.

वाचकांसाठी दोन गोष्टी सांगतो. गेज म्हणजे बॉयलरमध्ये वाफेचा दाब किती ते दाखवणारी तबकडी. तिच्या आत वाकवलेली पोकळ नळी असते. वाफ शिरली की नळी सरळ व्हायला बघते आणि तेवढ्या हालचालीवर काटा सरकतो. दाब पौंडांत मोजतात. सेफ्टी वाल्व म्हणजे स्प्रिंगनं दाबून ठेवलेलं झाकण. दाब ठरल्यापेक्षा वाढला की झाकण उचललं जातं, म्हणजे वाल्व उडतो, आणि जास्तीची वाफ निघून जाते. स्प्रिंगवरचा नट पिळला तर झाकण उशिरा उचलतं. दुसरं गेज वापरून झालेल्या वाफेचं होतं, त्याचा इथे संबंध नाही.

तर वाल्व उडत होता आणि गेजचा काटा पंचावन्नवर होता.

"नट पिळ," शेट म्हणाले. "सगळी वाफ अशीच गेली तर लाँच चालणार कशी?"

इंजिनावर हिराजी होता. कोपरीचा माणूस, त्याचा बाप मिठागरावर राबलेला. हा मात्र लहानपणापासून बोटींवर. तो हळूच म्हणाला, "मिस्त्री, वाल्वला हात नका लावू. परवापर्यंत बरोबर उडत होता तो."

"खाऱ्या हवेनं स्प्रिंग मऊ पडली असेल," मी म्हणालो.

खरं सांगायचं तर मला ते कारण आवडलं होतं. दोष स्प्रिंगचा असला म्हणजे कालच्या माझ्या कामाचा नव्हता. मी पाना घेतला आणि नट अर्धा फेरा पिळला. झाकण बसलं. फुसफुस थांबली.

"झालं ना!" शेट खूश झाले. सनईवाल्यांनी सूर धरला.

हिराजीनं दोन फावडी कोळसा टाकला. मी काट्याकडे बघत बसलो. आता तो साठ दाखवेल, मग पासष्ट. पण तो हलेना. आणि थोड्या वेळानं वाल्व पुन्हा उडाला, या वेळी आधीपेक्षा मोठ्यानं, कानठळ्या बसतील असा.

काटा पंचावन्नवरच.

मला भीती नंतर वाटली. आधी वाटलं ते नुसतं कुतूहल. नट पिळला, म्हणून झाकण उशिरा उचललं. उशिरा उचललं म्हणजे मधल्या वेळात दाब वाढला. दाब वाढला तर काटा जागचा का हलला नाही? दोघांतला एक खोटं बोलत होता, आणि वाल्व तर सांगितल्याबरहुकूम वागला होता.

मी गेजच्या काचेवर टिचकी मारली. काटा उसळला आणि थरथरत ऐंशीवर जाऊन थांबला.

हिराजीनं माझ्याकडे पाहिलं. मी त्याच्याकडे. ते बॉयलर जुनं होतं. त्याच्या एका सांध्यावर मीच ठिगळ मारलेलं. पंचाहत्तरच्या वर त्याला कधी नेऊ नये असं मीच शेटांना बजावून ठेवलं होतं.

मी नट उलटा फिरवून होता तिथं आणला. वाफेचा लोट उठला, पोरं रडायला लागली.

"हिराजी, विस्तव बाहेर ओढ. आणि सगळ्यांना खाली उतरव."

शेट फळीवरून तरातरा आत आले. "उतरव म्हणजे? नवरदेव बसलाय आत! भरती निघून चालली!"

"शेट, काटा अडकलाय. पंचावन्न दिसत होते, होते ऐंशी. मी आणखी पिळला असता तर किती झाले असते ते आपल्याला कळलंच नसतं."

शेटांनी एकदा बॉयलरकडे पाहिलं, एकदा छताखालच्या वऱ्हाडाकडे. मग वळून स्वतःच ओरडले, "उतरा रे सगळे! आधी बायका, पोरं!"

बॉयलरमधून गेजकडे वाफ नेणाऱ्या नळीला चावी असते. ती बंद केली की वाफ असतानाही गेज उघडता येतं. मी चावी बंद केली, चार स्क्रू काढले आणि गरम कडं फडक्यात धरून उतरवलं. काच उन्हात धरून तिरकी केली. आतल्या बाजूला केसाएवढी बारीक, वळणदार रेघ उमटली होती. काट्याच्या टोकानं घासल्याची.

मग सगळं उलगडलं. जुन्या कड्याखाली, काच आणि गेजची डबी यांच्यामध्ये रबराची एक पोकळ चकती होती. गोविंदानं घडवलेल्या ओठाची जाडी जास्त, म्हणून चकतीसकट नवं कडं टेकत नव्हतं. मी चकती काढून टाकली. कडं झकास बसलं, पण काच तेवढीच आत सरकली आणि काट्याच्या जवळ आली. काटा आसावर किंचित कललेला असावा. खालच्या आकड्यांवर तो काचेपासून मोकळा फिरायचा, पंचावन्नपाशी टोक टेकायचं आणि तिथेच थांबायचं. काल मी तपासणी केली ती तीस पौंडांपर्यंत. संध्याकाळ झालेली, त्याहून जास्त वाफ करायचा मला कंटाळा आला होता.

"चूक कुणाची? तांबटाची?" शेटांनी विचारलं.

"नाही. त्यानं दिल्या मापाचं केलंय. चूक माझी."

शेटांनी डोक्यावरची पगडी काढली, घाम पुसला आणि परत घातली. मला शिव्या परवडल्या असत्या.

रबराची चकती आणि जुनं काळवंडलेलं कडं माझ्या हत्यारांच्या पेटीत होतं. दोन्ही बसवली. हिराजीनं पुन्हा विस्तव केला. पन्नास, पंचावन्न, साठ. सत्तरवर काटा आला आणि त्याच क्षणी वाल्व उडाला.

"आता खरा बोलतोय," हिराजी म्हणाला.

वऱ्हाड परत चढलं. मीही चढलो. कुणी बोलावलं नव्हतं, पण त्या दिवशी धक्क्यावर उभं राहून हात हलवणं मला शोभलं नसतं. अर्धीअधिक भरती वाया गेलेली, त्यामुळे लाँच रखडतच वर गेली. कल्याणच्या धक्क्यावरचे वाजंत्री वाट बघून खाली बसले होते. मुहूर्त संध्याकाळचा होता, तो साधला.

व्याहीमंडळी लाँच बघायला आली. कडी कुणी बघेल की नाही अशी मला शंकाच होती. पण विहीणबाईंनी नेमकं बोट दाखवलं. "हे एक लखलखीत आणि हे एवढं काळं का हो?"

मी खाली मान घातली. शेट शांतपणे म्हणाले, "काळं आहे ते कामाचं आहे."

त्यानंतर लाँचचं काम त्यांनी माझ्याकडून काढून घेतलं नाही, हे माझं नशीब. गोविंदानं पातळ ओठाचं दुसरं कडं करून दिलं, तेही मी बसवलं. या वेळी वाल्व उडेपर्यंत वाफ केली, काट्यावरून नजर हलवली नाही, आणि मगच हात पुसले. शोभेचं काम असलं की माणूस निम्म्यावर तपासणी सोडतो. यंत्राला ते काम शोभेचं आहे हे ठाऊक नसतं.