मुठीतलं समुद्रफूल

शोभेच्या माशांच्या दुकानात भेटणाऱ्या त्या आंटींचं नाव मला आजही माहीत नाही. दर रविवारी टाकीसाठी खारं पाणी न्यायला त्या प्लास्टिकचा कॅन घेऊन येतात आणि तो भरेपर्यंत सगळ्यांच्या माशांची चौकशी करतात. मी सहसा कोपऱ्यात उभी असते. एकदा मात्र दुकानदाराला हळूच म्हटलं, माझं समुद्रफूल मिटलंय, मरेल बहुतेक. सोफ्यावरून दिसावं म्हणून मी त्या फुलासारख्या दिसणाऱ्या प्राण्याला टाकीतल्या पुढच्या दगडावर बसवते, आणि तो हट्टी जीव रोज सरकत मागे जातो.

"और तू रोज वापस लाती है?" आंटींनी मधेच विचारलं. "पुत्तर, उसकी रोज ट्रान्सफर मत कर! जहाँ रोशनी और पानी जमेगा, वहीं बैठेगा." मग त्यांनी मूठ घट्ट मिटली आणि एकेक बोट सावकाश उघडून दाखवलं.

बाबांच्या बदल्यांमागे फिरत चंदीगडला पोचलेल्या मला हे लगेच पटलं. आठवडाभर मी टाकीत हात घातला नाही.

पुढच्या रविवारी आंटींनी दुकानाच्या दुसऱ्या टोकावरून मूठ वर धरली आणि भुवया उडवल्या. मी आधी आजूबाजूला पाहिलं. मग हात उंच करून पाचही बोटं उघडली.