नवे बूट

रानशेतकडच्या नदीवर नव्या पुलाच्या आराखड्यासाठी मापं घ्यायला गेलो होतो. पाणी गुडघाभर, पण माझे बूट नवे. काठावरच्या एका म्हाताऱ्याने न विचारताच मला पाठुंगळी घेतलं. त्याचे पाय काटकुळे आणि माझं पोट तर तुम्हाला ठाऊकच आहे!

पलीकडे मला उतरवून धाप आवरत तो म्हणाला, "सायब, पूल इथंच ना? पाड्यावरची पोरं इथूनच शालंत जातात."

"नाही बाबा. इथं फक्त पाण्याचा वेग नि खोली मोजायची. पूल खाली, डहाणू रोडकडे. नव्या इमारतींपाशी."

तो रागावला नाही. मापं होईपर्यंत थांबला, मग पुन्हा पाठ वाकवून म्हणाला, "बसा. तुमची गाडी तर त्या अंगालाच हाय."

बसलो. घरी ही गोष्ट मी फार रंगवून सांगतो. फक्त तिच्यात मी बूट हातात घेऊन पाण्यातून चालत असतो.