पाटलीणबाईंची ड्युटीवरची झोप

पाटलीणबाई पडल्या पडल्या झोपायच्या. आमच्या विमानात शेवटच्या टॉयलेटशेजारी एक अरुंद दार असतं. प्रवाशांना तेही टॉयलेटच वाटतं. आत उभा जिना, वर छताखाली सहा बिछाने, उठून बसलं तर डोकं आपटेल एवढीच उंची. लांबच्या फ्लाइटमध्ये आम्ही क्रू तिथे पाळीपाळीने झोपतो. बाई वर जायच्या, पांघरुणावरून पट्टा लावायच्या, पडदा ओढायच्या आणि दोन मिनिटांत घोरायला लागायच्या.

त्या आमच्या इन्चार्ज. उलव्याच्या आगरी. अनाउन्समेंटचं इंग्रजी एकदम कडक, पण आम्हाला दम द्यायचा तो गावच्या बोलीत. जिन्यापाशी कोणी रेंगाळली की म्हणायच्या, "ए शाने, गप्पा उतरल्यावर मार. झोप पन ड्युटी हाय."

मला ते पटायचं नाही. माझे बाबा तुर्भ्याच्या मार्केटमध्ये माथाडी, मूळ साताऱ्याकडचे. कॉलेज पूर्ण करणारी घरातली मी पहिली. "पगाराच्या वेळेत पाठ टेकायची न्हाई," हे ऐकतच वाढले. तेव्हा मी प्रोबेशनवर होते, नोकरी पक्की व्हायची होती. म्हणून माझ्या झोपेच्या पाळीत मी गुपचूप खाली यायचे आणि ट्रॉल्या पुसायचे. मनात एकच, बाईंनी बघावं.

त्यांनी बघितलं. त्याच फ्लाइटला उतरायच्या आधी मी एका ट्रॉलीची कडी लावायला विसरले, तेही बघितलं. उतरताना आमच्यातल्या एकेकीकडे एकेक दरवाजा असतो, काही झालं तर तो उघडून माणसं बाहेर काढायची. त्यांनी स्वतः कडी लावली, माझा दरवाजा दुसरीला दिला आणि मला जादा सीटवर बसवलं. रिपोर्टमध्ये लिहिलं : काम मनापासून करते, विश्रांती घेत नाही. माझं प्रोबेशन तीन महिने वाढलं.

बाबा भडकले. "झोपली न्हाईस म्हणून शिक्षा? चल, बघतोच त्या बाईला!"

रविवारी आम्ही उलव्याला त्यांच्या दारात. बाईंनी बाबांना सगळं बोलू दिलं, चहा पुढे ठेवला आणि विचारलं, "दादा, दोन दिवस न झोपलेल्या मानसाच्या पाठीवर तुमी गोनी देता?"

"छ्या! ट्रकच्या फळीवरनं पाय घसरला तर खालचा मरंल की."

"मंग? तुमच्या पोरीच्या दरवाजाच्या भरवशावर किती मानसं बसतात, तुमीच इचार करा."

बाबांनी चहा संपवला. जिना उतरताना एवढंच म्हणाले, "बाई बराबर हाय. झोपत जा."

पुढच्या फ्लाइटला मी वर जाऊन नुसती या कुशीवरून त्या कुशीवर. शेजारच्या बिछान्यातून आवाज आला, "खाली आपल्याच पोरी हायेत ना? त्यांच्यावर इश्वास ठेव नि डोळे मिट." मी मिटले. उठवायलाच यावं लागलं. तीन महिन्यांनी नोकरी पक्की झाली, तेव्हा बाबांनी मार्केटमध्ये पेढे वाटले. कोणी विचारलं तर छाती काढून सांगायचे, "पोरगी आता झोपायला शिकली!"

गेल्या वर्षी बाई निवृत्त झाल्या. त्यांच्या शेवटच्या फ्लाइटला मी त्यांच्या हाताखाली इन्चार्जचं काम शिकत होते. पुढचा पहिला दरवाजा इन्चार्जचा. तो त्यांनी मला दिला आणि स्वतः जादा सीटवर जाऊन बसल्या. मुंबईला उतरल्यावर मी दरवाजाची आपत्कालीन घसरगुंडी बंद केली, पण तो उघडण्याआधी माझा हात जरा थांबला. मी म्हटलं, "मॅडम, एकदा नजर टाकता?"

त्या जागच्या हलल्यासुद्धा नाहीत. "तू झोपलेलीस ना? मंग मी कशाला बघू?"