शुद्धीवर आल्यावर विचारलेलं

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला मी वाशीच्या एका हॉस्पिटलात सर्जरीची शिकाऊ डॉक्टर होते. ड्युटी संपायची नाही, पाय सुजलेले असायचे. त्यात आमच्या सरांनी एक अभ्यास हाती घेतला होता. पोटात पू झालेल्या पेशंटचं ऑपरेशन झालं की वरची कातडी लगेच शिवावी, की चार-पाच दिवस उघडी ठेवून मग शिवावी, याची तेव्हा आम्हाला खात्री नव्हती. सरांनाही नव्हती. म्हणून त्यांनी बंद पाकिटं करून ठेवली होती. आत 'शिवा' किंवा 'उघडी' अशी चिठ्ठी; जे निघेल ते करायचं. नातेवाइकांची परवानगी घेणं माझ्याकडे होतं.

एका दुपारी जवळच्या सारसोळे गावातला एक कोळी आणला. जठराला भोक पडून दोन दिवस झालेले, पोट फळीसारखं कडक. मी त्याच्या बायकोला पाकिटांचं समजावू लागले. ती स्ट्रेचरकडेच बघत होती.

"बाय, तुला जा बरा वाटल ता कर. पन मानूस वाचव," म्हणाली आणि तिनं अंगठा पुढे केला.

तिला काही कळलेलं नाही, हे मला दिसत होतं. पण घाई होती आणि मी इतकी दमले होते की पुन्हा सांगायचं त्राण नव्हतं. मी अंगठा घेतला.

माणूस वाचला. पाकिटात 'उघडी' निघालं होतं. तिसऱ्या दिवशी ड्रेसिंग करताना त्यानं विचारलं, "बाजूवाल्याचा शिवलाय. माजाच उगडा का?"

मी खरं ते सांगितलं.

"मंजे चिठ्ठी टाकली माज्यावर?"

"तुमच्या बायकोला विचारलं होतं."

"ती घाबरलेली व्हती. मी शुद्धीवर आल्यावर मना कोनी इचारला?"

"आत्ता विचारते. तुमचं नाव अभ्यासात ठेवू?"

"नको."

सरांना सांगितलं तेव्हा ते जेवणाचा डबा उघडत होते. "शुद्धीवर आल्यावर विचारत बसलो तर निम्मे नाही म्हणतील," ते म्हणाले. "मग उद्याच्या पेशंटला काय करायचं, ते कळणार कसं?"

"ते मलाही माहीत नाही, सर. पण त्याचा कागद मी काढतेय."

ते चिडले नाहीत. तेही थकलेलेच होते. "काढ," म्हणाले, "आणि यापुढे प्रत्येकाला तूच विचारायचं."

पुढचं वर्षभर मी विचारत राहिले. पोटात नळ्या असलेल्या, बोलायलाही ताकद नसलेल्या माणसांच्या उशाशी बसून तेच तेच सांगायचे. बरेच जण हो म्हणाले, काही नाही म्हणाले. एका म्हाताऱ्यानं नुसते डोळे मिटून घेतले. त्याचं मी 'नाही' धरलं. मी तिथून निघाले तेव्हा अभ्यास अर्धवटच होता. कातडी कधी शिवावी, हे आम्हाला काही ठरवता आलं नाही.